बॉबलिंगेनचे वाहतूक नियंत्रक

आमच्या घरात सकाळी अंघोळ करायची, तर आधी फलाटावर लागावं लागायचं. फलाट म्हणजे बाथरूमबाहेरचं पायपुसणं. माझे सासरे हातात घड्याळ धरून पॅसेजमध्ये उभे असत आणि कर्ण्यातून आल्यासारख्या नाकातल्या आवाजात पुकारत, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. नितीन जगताप यांची अंघोळ संपत आली असून, सूनबाईंनी टॉवेलसह तयार राहावे." एकदा मी आतून ओरडले, "बाबा, आज डोक्यावरून घेतेय!" तर बाहेरून उत्तर आलं, "ही जलद सेवा आहे. डोक्याचं आरक्षण आदल्या दिवशी करावं."

हसा तुम्ही. तीन महिने सोसलं असतंत, म्हणजे कळलं असतं.

शंकरराव जगताप, निवृत्त वाहतूक नियंत्रक, एसटी, मुक्काम कराड. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या आणि निवृत्त झाल्यावर सोडायला गाड्या उरल्या नाहीत, म्हणून ते माणसं सोडू लागले. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली होती. घरात एकटे काय करतील, म्हणून मीच नितीनच्या मागे लागून त्यांना इकडे जर्मनीत, बॉबलिंगेनला बोलावलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नितीन इथे गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर. मी पुण्यातली चांगली नोकरी सोडून आले होते आणि माझ्या व्हिसावर मला इथे काम करायची परवानगी नव्हती. तीन वर्षांत जर्मनी म्हणून मी पाहिलं काय, तर आमच्या लेकीचं, सईचं किंडरगार्टन, सुपरमार्केट आणि परदेशी लोकांच्या कचेरीतली प्लॅस्टिकची खुर्ची. तेव्हा घरात मी आधीच तापलेली. त्यात बाबा आले.

बाबांचा राग मात्र माझ्यासारखा धुमसणारा नव्हता. तो वेळापत्रकाप्रमाणे यायचा. एके दिवशी आमची एस-बान, म्हणजे इथली लोकल, तीन मिनिटं उशिरा आली. तेवढ्या वेळात बाबांनी फलाटावरच्या मदतीच्या खांबाचं बटण दाबलं आणि त्यातून बोलणाऱ्या बाईकडे शुद्ध मराठीत तक्रारवही मागितली. "वही नाही म्हणजे काय? कोणाच्या आदेशानं नाही? तुमचं नाव सांगा!" ती बिचारी आजारी माणूस समजून अँब्युलन्स पाठवायला निघाली होती. मी खांबाला तोंड लावून दहा वेळा 'एन्टशुल्डिगुंग' म्हटलं. बाबा मला म्हणाले, "माफी मागू नकोस. त्यानं शिस्त बिघडते."

इथली एकच गोष्ट त्यांना पसंत पडली. आमच्या श्वाबी लोकांच्या मुलखात जिना झाडायची पाळी असते, केरवोखं. ज्याची पाळी, त्याच्या दारावर पाटी लटकते. "हा ड्यूटी चार्ट!" बाबा म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून खालच्या फ्राऊ हेगेले झाडत असताना पाठीमागे हात बांधून देखरेखीला उभे राहिले. कोपऱ्यात राहिलेला केर ते बोटानं दाखवत. चाळीस वर्षं जिना झाडलेली बाई ती. तिनं माझ्याकडे येऊन जे काही ऐकवलं, त्यातलं मला निम्मंच समजलं हे माझं नशीब.

अशा माणसाच्या हातात आम्ही सहलीचं नियोजन दिलं. दिलं म्हणजे त्यांनी घेतलं. ईस्टरला पॅरिसला जायचं ठरलं. बाबांनी फ्रिजवर तक्ता चिकटवला. त्यात आयफेल टॉवर 'विनाथांबा' होता, म्हणजे बाहेरून बघत बघत पुढे. चहापानाचा थांबा एका पुलाखाली होता, कारण नकाशात तिथे सावली दिसत होती. मी दोन दिवस भांडून तो पुलावर आणला. मग आदल्या संध्याकाळी नितीनचा फोन आला. टेस्टिंगमध्ये काहीतरी फेल झालंय, रजा रद्द.

त्यानंतर मे महिन्यातल्या जोडून आलेल्या सुट्टीत व्हिएन्ना. पुन्हा तक्ता, पुन्हा भांडण, पुन्हा सुटकेसा भरल्या. पुन्हा नितीनचा फोन. मी सुटकेस उपसताना बाबा दारात उभे होते. म्हणाले, "हंगामी गर्दीत रजा मिळत नसते." मला वाटलं, ती सुटकेस दोघांच्या डोक्यात घालावी.

राहता राहिली पेंटेकोस्टच्या सणाची सुट्टी. सोमवार जोडून, शनिवारी निघायचं, बर्लिन. त्यानंतरच्या आठवड्यात बाबांचा व्हिसा संपत होता. म्हणजे गेलो तर आता, नाहीतर बाबांचं जर्मनी म्हणजे आमचा पॅसेज आणि फ्राऊ हेगेलेचा जिना.

त्या वेळी वीकएंडचं एक तिकीट मिळायचं. पाच माणसं, दिवसभर, साध्या गाड्यांनी कुठेही. बर्लिनपर्यंत गाड्या बदलत बदलत अख्खा दिवस जायचा, पण बाबांना ते तिकीट इतकं आवडलं, की ते त्यांनी देवघराजवळ ठेवलं. फक्त एक गोष्ट त्यांना झोपू देईना. आम्ही चौघंच होतो. "भारमान!" ते म्हणायचे. "एक सीट रिकामी पळवायची? पाप आहे." शेवटी ते खाली जाऊन फ्राऊ हेगेलेला, ज्या बाईचा जिना महिनाभर तपासला होता तिला, खुणांनी बर्लिनला चला म्हणून सांगून आले. तिनं दार लावून घेतलं. "विचार करून सांगते म्हणाली," बाबा म्हणाले.

आता मला ज्याचा खरा राग होता, ते सांगते.

रविवारी कोणी मराठी मंडळी जेवायला आली, की बाबा आपला एक किस्सा सांगत. "उन्हाळी गर्दी. ही आणि नितीन, सहा वर्षांचं पोर, मिरजेच्या गाडीत बसलेले. हिच्या माहेरी चाललेले. पोराला लागली तहान, म्हणून ही त्याला घेऊन उतरली. तेवढ्यात झाली वेळ. सोडली गाडी!" पाहुणे विचारत, "मग हो?" "मग काय? सामान गेलं मिरजेला आणि ही दोघं फलाटावर! उभ्या आयुष्यात कुणासाठी गाडी थांबवली न्हाई. बायकोपोरासाठीपण न्हाई!" पाहुणे हसत. नितीन उठून बाल्कनीत जाई.

बाकीचं मला नितीननं लग्नानंतर सांगितलं होतं. आई साडी वर धरून गाडीमागे पळाली होती. त्यानं नियंत्रण कक्षाच्या खिडकीतल्या बाबांना हाक मारली होती. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं. "आणि पाणी मी मागितलं होतं गं," तो म्हणाला.

तेव्हा मला दया आली होती. पण दोन सहली बुडाल्यावर माझी दया आटली. टेस्टिंग-बिस्टिंग काही प्रमाणात खरं असेल, पण बापाबरोबर गाडीत बसायलाच याला नको होतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. बापानं एकदा एक गाडी थांबवली नाही, म्हणून मुलगा तीस वर्षांनी सूड उगवणार आणि मधल्या मधे मी सुटकेसा भरणार-उपसणार! आणि यातलं एकमेकांशी बोलायचं मात्र दोघांपैकी कोणी नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मी प्रवासासाठी तिखटमिठाच्या पुऱ्या तळत होते. नितीन घरी आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "उद्या सकाळी तासभर ऑफिसला जावं लागेल. तुम्ही पुढे व्हा, मी थेट श्टुटगार्टला गाडीवर येतो."

बाबांनी मान वर केली. "उशीर झाला तर?"

"नाही होणार."

"गाडी कुणासाठी थांबत नसती, नितीन."

"मला नका सांगू, बाबा," नितीन म्हणाला. "मला माहितेय ते."

कढईतल्या पुऱ्या तडतडत होत्या. मग माझा बांध फुटला. "ऐका दोघंही!" मी झारा हातात घेऊनच बाहेर आले. "मी आणि सई उद्या बर्लिनला जाणार. ज्याला यायचं त्यानं यावं. ज्याला जुनी गाडी धरून बसायचं असेल, त्यानं इथेच बसावं! बाबा, अहो, तो किस्सा पुन्हा या घरात सांगायचा नाही. त्यात हसण्यासारखं काहीही नाही. आणि नितीन, तू आता सहा वर्षांचा नाहीस!" सई घाबरून म्हणाली, "ममा, वारुम श्राइस्ट दू?" का ओरडतेस? मी तिच्यावरही ओरडले, की मराठीत विचार.

त्या संध्याकाळी पहिल्यांदा जेवण न पुकारता वाढलं गेलं.

सकाळी श्टुटगार्टला गाडी लागलेली होती. बाबांनी आम्हांला बसवलं, सामान वर टाकलं, सईला खिडकी दिली. नितीनचा पत्ता नव्हता. फोन लावला, तर धापा टाकत म्हणाला, "एस-बानमधून उतरलो, जिन्यात आहे, आलोच." बाबा दाराशी जाऊन उभे राहिले. बाहेर शिट्टी झाली. मी दात आवळून बसले होते. आता वळून म्हणतील, गेली गाडी. ते तसं म्हणाले की त्यांना काय सुनवायचं, ते माझ्या ओठांवर तयार होतं.

बाबांनी एक पाय फलाटावर ठेवला आणि एक गाडीत. दार सरकत आलं, त्यांच्या खांद्यावर आपटलं आणि परत उघडलं. पुन्हा आलं, पुन्हा आपटलं. गाडी पिपाण्या वाजवायला लागली. लाल टोपीचा कंडक्टर हातवारे करत, ओरडत धावत आला. बाबा त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होते. नाकातला आवाज पार गेला होता. "माणूस येतोय माझा! दिसत न्हाई व्हय? पोरगं हाय माझं, येतंय!"

फलाटाच्या पार टोकाला नितीन दिसला. लॅपटॉपची बॅग आपटत, माणसं चुकवत पळत होता. बाबांनी दार दोन्ही हातांनी धरलं आणि हाक मारली, "नितीन! पळू नगंस, पडशील! मी धरलीय गाडी!"

नितीन आत आला. दार लागलं, गाडी सुटली. कंडक्टरनं बाबांना समोर उभं करून जे झाडलं, ते डब्यातल्या सगळ्यांनी ऐकलं. बाबा हात पाठीमागे न बांधता, खाली मान घालून उभे होते. सई हळूच म्हणाली, आणि चक्क मराठीत म्हणाली, "आजोबा, तो म्हणतो, तुमच्यामुळे गाडीला उशीर झाला."

"बरोबर बोलतोय त्यो," बाबा म्हणाले. "सांग त्याला, बरोबर बोलतोय म्हणावं."

मला रडू येत होतं आणि संतापही येत होता. एवढं जमत होतं, तर तीस वर्षं कशाला लावलीत? ज्या बाईसाठी एकदा तरी धरायला हवी होती, ती आता कुठे आहे? हे सगळं मी मनातच म्हटलं. कधी नव्हे ते मला गप्प बसावंसं वाटलं.

नितीन माझ्याशेजारची जागा सोडून बाबांशेजारी जाऊन बसला. "लागलं का?" त्यानं विचारलं. "न्हाई," बाबा म्हणाले आणि लगेच त्याच्यावर घसरले. सुट्टीच्या दिवशी ऑफिसला जायची गरज काय होती, आदल्या दिवशी काम उरकता येत नाही का, एवढा शिकलास तरी अक्कल आली नाही. बऱ्याच वेळानं मी पाहिलं, तर बाबा अजून रागावतच होते, पण अगदी हळू, ओठांतल्या ओठांत. नितीन त्यांच्या त्या सुजलेल्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला होता आणि ते जरासुद्धा हलत नव्हते.