चार चाकांना चार टायर

पुढच्या उजव्या टायरची खाच दोन पूर्णांक तीस शतांश मिलिमीटर खोल होती. मागच्या रविवारी दोन पूर्णांक पस्तीस होती. नवरा खाली गाडीशेजारी उकिडवा बसून खाचेत खोली मोजायच्या गेजची सुई घालत होता, आकडा मोठ्याने वाचत होता आणि मग स्वतःचाच विश्वास बसत नसल्यासारखा पुन्हा घालत होता.

“चौदा आठवडे,” त्याने वर बघून जाहीर केलं. “एक पूर्णांक साठपर्यंत चालवता येतो. घाई नाही.”

बायको वर गॅलरीत टॉवेल वाळत घालत होती. हे ‘घाई नाही’ ती सात महिने ऐकत होती. मोजमापाची उपकरणं तपासून त्यांवर शिक्के मारणाऱ्या कचेरीत तो नोकरीला होता आणि तिथे त्याला सगळे ‘मिलिमीटर’ म्हणत. साहेबसुद्धा म्हणत. लग्नाच्या आधी हे तिला कोणी सांगितलं असतं, तर तिने फेरविचार केला असता असं नाही. पण निदान साडीच्या दुकानात त्याला बरोबर नेलं नसतं.

गाडी विजेची होती. बॅटरीमुळे अंगाने जड, आणि दिसायला छान म्हणून एकोणीस इंची चाकांची. अशा गाडीला साधा टायर चालत नाही. वजन पेलणारा हवा, फिरताना कमी वीज खाणारा हवा, ओल्या रस्त्यावर धरणारा हवा, आणि इंजिनाचा आवाज नसल्यामुळे टायरचाच आवाज कानात बसतो म्हणून गप्प राहणाराही हवा. हे सगळे गुण एकाच टायरमध्ये नसतात. एवढं कळल्यावर माणूस एखादा गुण सोडून देतो. मिलिमीटरने तक्ता केला. तक्त्यात एकतीस रकाने झाले. मग रबर वाचवण्यासाठी तो स्वतः बसने कचेरीत जायला लागला. त्यामुळे टायर निम्म्याने झिजू लागले आणि ठरवायला दुप्पट वेळ मिळाला.

तिच्याकडे एवढा वेळ नव्हता. महिन्यापूर्वी तिला एक पत्र आलं होतं. घाट चढून नव्वद किलोमीटरवर एक गाव होतं, तिथल्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून तिची निवड झाली होती. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या सहीसाठी अहवाल लिहिल्यावर आता सही तिची होणार होती. बावीस तारखेला दुपारी बाराच्या आत स्वतः येऊन होकार द्यावा, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावलं जाईल, असं पत्रात लिहिलं होतं. होकार द्यायचा म्हणजे घर हलवायचं. आणि घर हलवायचं म्हणजे घरात एकदा बोलायचं.

ती दोनदा बोलली होती. दोन्ही वेळा तो म्हणाला होता, “हो, बघू ना. एका वेळी एक. आधी टायरचं मार्गी लागू दे.”

टायरच्या दुकानाची मालकीण पन्नाशीची, आडव्या बांध्याची आणि कमी बोलणारी बाई होती. मिलिमीटर बायकोला घेऊन पंधराव्यांदा दुकानात शिरला तेव्हा मालकीण खुर्चीतून उठली नाही.

“आज काय बघायचंय? वास घ्यायचा राहिलाय बहुतेक.”

“तुमच्या पाटीवर लिहिलंय,” तो म्हणाला, “आठ दिवसांत पसंत पडले नाहीत तर परत.”

“लिहिलंय. अकरा वर्षांत कोणी परत आणलेले नाहीत, म्हणून लिहिलंय.”

“मग मला तीन द्या. तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे. चौथ्या चाकाला जुनाच राहू दे, तुलनेसाठी.”

मालकीण त्याच्या बायकोकडे बघत राहिली. बायको भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली.

“असं बघा,” तो समजावू लागला. “दोन गाड्यांवर दोन टायर तपासले तर फरक टायरचा की गाडीचा, कळत नाही. आज एक आणि उद्या दुसरा तपासला तर रस्ता बदलतो, हवा बदलते. पण गाडी एक, रस्ता एक, वेळ एक, चालवणारा एक, आणि बदलतो तो फक्त टायर, असं झालं की—”

“तीन तंगड्या तीन माणसांच्या आणि चौथी तुमची,” मालकीण म्हणाली. “पळा.”

पण पंधरा फेऱ्यांत तीही टेकीला आली होती. तिने टायर बसवून दिले. पावतीवर ‘ग्राहकाच्या हट्टावरून’ असं लिहिलं, त्याखाली त्याची सही घेतली आणि मग शेजारी तारीख घातली, चौदा.

“बावीसला आठ दिवस भरतात,” तो गाडीत बसताना खुशीत बायकोला म्हणाला. “तुझ्या तारखेपर्यंत गाडी एकदम तयार.”

तिच्या तारखेबद्दल महिन्याभरात तो आपण होऊन बोलला, ते एवढंच.

प्रयोग दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाला. पुढे डावीकडे ‘अ’, पुढे उजवीकडे ‘ब’, मागे उजवीकडे ‘क’ आणि मागे डावीकडे जुना. गावाबाहेरच्या वळणरस्त्यावर ताशी साठच्या वेगाने सहा किलोमीटर जायचं आणि यायचं. मागच्या सीटवर वजन हवं होतं, म्हणून त्याने आईला घेतलं. सासूबाईंचं वजन बरोबर अठ्ठावन्न किलो होतं आणि गेली बारा वर्षं ते हललेलं नव्हतं. इतकं भरवशाचं वजन त्यांच्या कचेरीतही नव्हतं, असं तो म्हणाला. सासूबाईंना ते कौतुक वाटलं.

रिकामं बसण्यापेक्षा आवाजाचे गुणही त्यांनीच द्यावेत असं ठरलं. त्या मागे मधोमध बसत, दोन्ही काचा खाली करत आणि हातातल्या कागदावर चार चाकांचे चार आकडे लिहीत. परत आल्यावर मिलिमीटर प्रत्येक टायरचं तापमान घेई. जास्त तापला तो जास्त वीज खाणार, हा त्याचा हिशेब होता. रोज चाकांच्या जागा बदलायचाही त्याचा बेत होता; पण टायरच्या दुकानाच्या मालकिणीने फोनवर “मला दुसरी गिऱ्हाइकं आहेत” एवढंच सांगून तो बेत मोडीत काढला.

गाडीने तिसऱ्या दिवशी डाव्या बाजूला ओढ घेतली. चौथ्या दिवशी समोरच्या पडद्यावर एक पिवळा दिवा लागला.

“गाडीला कळतंय आपण तुलना करतोय ते,” मिलिमीटर म्हणाला.

“गाडीला पळून जायचंय,” सासूबाई मागून म्हणाल्या.

पाचव्या दिवशी तिचा धाकटा भाऊ आला. त्याच्याकडे एकवीस इंची चाकांची उंच एसयूव्ही होती. तिच्यात चढताना माणसाला आपण काहीतरी जिंकल्यासारखं वाटे आणि उतरताना गुडघ्यात कळ येई. तिचेही टायर झिजले होते. त्याची निवडीची पद्धत सोपी होती. टायरवरची अक्षरं जितकी ठळक, तितका टायर चांगला.

“भाऊजी, मला पण सांगा ना काहीतरी शास्त्रीय.”

मिलिमीटरच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. आजवर त्याच्याकडे एकच गाडी होती. आता दुसरी आयती चालून आली होती. “तू दोनच बदल,” तो म्हणाला. “पुढे नवे, मागे जुने. आपल्याला एकाच गाडीत नव्याजुन्याची तुलना मिळेल.”

“आणि बावीसला तू मला सोडशील ना?” तिने भावाला विचारलं. “ह्यांची गाडी डावीकडे जाते. माझं गाव सरळ आहे.”

“ताई, हे काय विचारणं झालं? साडेसातला दारात हजर.”

एकवीस तारखेच्या संध्याकाळी मिलिमीटरने तक्ता पुरा केला. मग सगळ्या बेरजा पुन्हा पहिल्यापासून केल्या. ती भांडी पुसत होती.

“काय झालं?”

“जुना पहिला आलाय.”

“कशात?”

“एकूण गुणांत. सगळ्यांत कमी तापला. आवाजातही वरच्या दोघांत.”

“कमी तापणारच ना,” ती म्हणाली. “झिजलेल्या टायरला रबरच कमी असतं. लवायला रबर नाही तर तापणार काय?”

त्याने मान हलवली. तिचा मुद्दा शास्त्राला धरून असला की तो कधी वाद घालत नसे. तिच्या बाकीच्या मुद्द्यांना मात्र ही सवलत नव्हती. “मग तापमानाचा रकाना बाद. आवाजावर ठरवू. आवाजात ‘अ’ आणि जुना. ‘ब’ आणि ‘क’ फार ओरडतात, आईने त्यांना दहापैकी एकदाही चारच्या वर गुण दिलेले नाहीत.”

“उद्या बावीस आहे.”

“हो ना. दुकान आठला उघडतं.”

तिने फडकं झटकून दोरीवर टाकलं.

सकाळी सव्वासातला भावाचा फोन आला. “ताई, रागावू नकोस. गाडी गॅरेजमध्ये आहे.”

“काय झालं?”

“गिअरबॉक्समधून दळण दळल्यासारखा आवाज यायला लागला. मेकॅनिक म्हणतो, हिची चारही चाकं एकमेकांना जोडलेली असतात. पुढच्यांचा घेर मोठा आणि मागच्यांचा लहान झाला की मधला गिअरबॉक्स दिवसभर त्यांची भांडणं सोडवत बसतो. आठवडाभर सोडवली असती तर कायमचाच गेला असता, म्हणाला. त्याने विचारलं, ही अक्कल कोणाची. मी भाऊजींचं नाव नाही सांगितलं.”

“सांगायचं होतंस,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

घाटाची पहिली बस साडेसहाला गेलेली होती आणि दुसरी दुपारी होती. ती पर्स आणि पत्र घेऊन खाली आली तेव्हा मिलिमीटर गाडीत बसलेला होता. मागच्या सीटवर सासूबाईही होत्या, सवयीने.

“पिवळा दिवा घेऊन घाट चढायचा नाही,” ती म्हणाली. “आधी दुकान.”

आठ वाजून तीन मिनिटांनी गाडी डावीकडे ओढ घेत दुकानात शिरली. मालकीण शटर वर करत होती. तिने टायरांकडे पाहिलं, पिवळा दिवा पाहिला.

“चारही एकसारखे घाला नाहीतर घाटात जाऊ नका. तिन्ही कंपन्यांचे चार-चार आहेत माझ्याकडे. बसवायला पाऊण तास. बोला.”

मिलिमीटरने गाडीच्या टपावर लॅपटॉप उघडला. “आवाजाप्रमाणे ‘अ’ दिसतो. पण ओल्या रस्त्यावर ‘ब’ चांगला. आवाजाला किती महत्त्व द्यायचं, ते एकदा—”

तेवढ्यात मालकिणीने गाडीतून उतरलेल्या सासूबाईंसाठी स्टूल आणलं. “मावशी, बसा इथं,” ती त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहून म्हणाली. सासूबाई रस्त्याकडे बघत राहिल्या. “मावशी, बसता का?” सासूबाईंनी रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला शेवटपर्यंत पाहिला. मालकीण वळसा घालून उजवीकडे आली. “मावशी, बसा.”

“हो, बसते की,” सासूबाई म्हणाल्या. “ओरडू नकोस.”

टपावरच्या लॅपटॉपवर बोटं थांबली. मिलिमीटर आईच्या डाव्या बाजूला गेला आणि हळूच म्हणाला, “आई.” काही झालं नाही. तो उजव्या बाजूला आला. “आई, तुला डाव्या कानाने ऐकू येत नाही?”

“चार वर्षं झाली.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“मला वजन म्हणून नेलं होतंस ना? कानाचं कोणी विचारलं? तू कागद दिलास, मी ऐकू आलं ते लिहिलं. उजवीकडचे दोन्ही फार आवाज करायचे, ते लिहिले. डावीकडचे बिचारे अगदी शांत.”

गाडीच्या डावीकडे ‘अ’ आणि जुना आहेत, हे बघायला मिलिमीटरला वळावं लागलं नाही. तो कोपऱ्यातल्या टायरांच्या चळतीवर बसला. सात महिने आणि एकतीस रकाने गेल्याचा चेहरा कसा असतो, ते बायकोने प्रथमच पाहिलं. तिला हसू येत होतं आणि त्याची कणवही येत होती. तिने घड्याळ पाहिलं, आठ वाजून बारा मिनिटं.

“आता परत सुरुवातीपासून,” तो पुटपुटला. “एखादा महिना—”

“अहो साहेब,” मालकीण त्याच्यासमोर उभी राहिली, “ते कागद जाऊ द्या. मी अकरा वर्षं गिऱ्हाइकाला एकच गोष्ट विचारते. ही गाडी पुढची चार वर्षं रोज कुठल्या रस्त्यावर चालणार? गावातल्या सपाट रस्त्यावर असेल तर ‘अ’ घ्या. घाटात, ओल्यात चालणार असेल तर ‘ब’. संपलं.”

मिलिमीटरने टपावरच्या लॅपटॉपकडे पाहिलं. “हा रकाना,” तो अगदी हळू म्हणाला, “मी रिकामा ठेवला होता.”

“का?”

“ते अजून घरात ठरलेलं नाही.”

सासूबाईंनी उजवा कान सुनेकडे केला. मालकिणीने पावतीचं पुस्तक उघडलं आणि पेन हातात धरून ती कोणाच्या तरी तोंडाकडे बघत राहिली. ते तोंड आता मिलिमीटरचं नव्हतं. बायकोच्या पर्समध्ये चार घड्या घातलेलं पत्र होतं. ते बाहेर काढायची काही गरज नव्हती.

“‘ब’ घाला,” ती म्हणाली. “चारही. आम्ही घाटावर राहायला जातोय.”