द्वारकाबाईंचं ‘बठ्ठं बरं शे’

आमच्या कॉलेजातल्या द्वारकाबाई जांभळं लुगडं नेसतात, कपाळभर कुंकू लावतात आणि बोलतात मात्र मिशीवाल्या पुरुषाच्या आवाजात. दोष बाईंचा नाही, त्या संगणकात राहतात. आवाज निकम सरांचा आहे, आणि निकम सरांना बारा महिने पडसं असतं.

जळगावातल्या आमच्या नर्सिंग कॉलेजने आभासी पेशंट आणले. मुलींनी पडद्यावरच्या पेशंटला प्रश्न विचारून दुखणं शोधायचं, संगणक मार्क देणार. मी या संगणकांचा रखवालदार. कंपनीकडून तयार आलेले पेशंट शहाणे होते. ‘माझ्या छातीत डाव्या बाजूस वेदना होत आहेत,’ असं मुद्देसूद सांगायचे. आमचे ज्येष्ठ शिक्षक निकम सर यांनी लगेच नाक मुरडलं.

“जामनेरच्या बाजारात असं बोलणारी एक बाई दाखवा, राजीनामा देतो!”

राजीनाम्याची धमकी ते महिन्यातून दोनदा देतात आणि एकदाही पाळत नाहीत, हे आमचं दुर्दैव.

मग त्यांनी स्वतःची पेशंट तयार केली. उत्तरं लिहिली, नाक शिंकरत आवाज भरला. लुगड्याच्या रंगावरून माझे तीन दिवस खाल्ले. हिरवं नको, तिला हिरवं आवडत नाही म्हणे. संगणकातल्या बाईला!

आणि या बाईंची खोड अशी, की काहीही विचारा, अहिराणीत एकच उत्तर. “काय नही माय, बठ्ठं बरं शे.” म्हणजे सगळं ठीक. छातीत दुखतं का? बठ्ठं बरं शे. तोच प्रश्न पुन्हा विचारला, तरच कबुली. “चार दिन पाईन छातीमा दुखी ऱ्हायनं.” मुली एकदा विचारून पुढे सरकायच्या आणि बाई परीक्षेत पटापट मरायच्या. निम्मा वर्ग नापास. मुली रडायला लागल्या की सर डोळे वटारायचे, “एकदाव इचारं, म्हणजे इचारंच नही!” हे वाक्य कानावर आलं तरी माझं डोकं उठायचं.

खोटं बोलायचं पेशंटने आणि नापास व्हायचं मुलींनी! या माणसाला शिकवायला नव्हे, छळायलाच नेमलंय, असं माझं स्पष्ट मत होतं. प्राचार्यांनाही ते पटलं. “ते ‘बठ्ठं बरं शे’ काढून टाका,” त्यांनी मला सांगितलं. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

लॅबमध्ये गेलो तर सर पडद्यासमोरच बसलेले.

“तुमच्या बाईला सरळ बोलायला शिकवायचंय,” मी म्हणालो. “प्राचार्यांचा हुकूम आहे.”

त्यांनी पडद्यावरून नजर काढली नाही.

“काय झालं, सर?”

“काही नाही. सगळं बरं आहे.”

मला हसू आलं. मुलींची नक्कल करत मी मुद्दाम पुन्हा विचारलं, “खरं सांगा ना आजी, काय झालं?”

आता चिडणार, असं वाटलं. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

“माझी अक्का,” ते म्हणाले. “एरंडोलकडे एकटी राहायची. मी रोज फोन करायचो. ‘बरी शे ना अक्का?’ ती म्हणायची, ‘काय नही भाऊ, बठ्ठं बरं शे.’ मी फोन ठेवून द्यायचो. जाण्याआधी चार दिवस छातीत दुखत होतं तिच्या. शेजारणीला माहीत होतं. आणि पोरींना नर्सिंग शिकवणारा मी, रोज एकदाच विचारायचो.”

पडद्यावर द्वारकाबाई जांभळ्या लुगड्यात शांत बसल्या होत्या. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती मला सहसा वाटत नाही.

प्राचार्यांना जाऊन सांगितलं, “ते वाक्य निघत नाही. काढलं तर बाई बंद पडते.”

“बरं, राहू द्या,” ते फायलीतून मान वर न काढता म्हणाले. “तुमचा आवाज का बसलाय? काही झालं का?”

“काही नाही,” मी म्हणालो. “सगळं बरं आहे.”

“छान,” ते म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.