खिडकीकडची सीट

खिडकीकडे बसलेल्या सिर्क्कूला वाचनालयाच्या स्टॉपवर उतरायचं होतं आणि तिच्या शेजारचा माणूस गाढ झोपला होता.

बस एका अर्थी तिचीच. आतल्या सीटा तिनं आखलेल्या. नमुन्याची ही एक बस हारयुला गावात धावत होती. बाकीच्या बसना अशाच सीटा बसवायच्या का, हे नगरपालिकेची समिती आज सकाळी वाचनालयात ठरवणार होती. सिर्क्कू तिथं पोचली नाही, तर काम प्लास्टिकच्या सीटावाल्यांना जाणार, हे नक्की.

शेजाऱ्याला हाक मारायचा प्रश्नच नव्हता. फिनलंडमध्ये अनोळखी माणसाला "जरा उठता का" असं कोण म्हणतं? हातमोजे घालायचे, पिशवीची थोडी खुसपुस करायची, की शेजारी न बघताच पाय बाजूला घेतो. सिर्क्कूनं हातमोजे घातले. पिशवी खुसपुसवली. कोटाची चेन वर नेली, खाली आणली, पुन्हा वर नेली.

पण सीटला डोक्याच्या दोन्ही बाजूंना तिनंच मऊ पंख बसवले होते, आवाज गिळणाऱ्या कापडाचे. त्यातल्या एकाला गाल टेकवून गृहस्थ बाळासारखा निजला होता. एवढ्या काळजीतही तिला क्षणभर बरं वाटलं. मग तिनं बेल दाबली.

बस थांबली, दार उघडलं. जुन्या बसमध्ये ड्रायव्हर तौनोला मागचं बघायला मान वळवावी लागे, आणि वळवलीच आहे तर तो ओरडून विचारतही असे. त्याची मान धरू नये म्हणून सिर्क्कूनं आरसा थेट त्याच्या डोळ्यांसमोर आणला होता. आरशात तौनोला सिर्क्कू दिसली, सिर्क्कूला तौनो दिसला. दोघांनीही ओशाळून नजर खाली घातली. दार बंद झालं.

शेवटचा स्टॉप जंगलाच्या कडेला होता. इंजिन बंद झाल्यावर गृहस्थ जागा झाला.

"उतरायचं होतं का तुम्हाला? मग सांगायचं ना, बाई."

"हातमोजे घातले होते मी."

"अरेरे. डोळाच लागला बघा. या सीटा करणाऱ्याला तरी कळायला हवं होतं."

तो उतरून गेला, तेवढ्यात मागून समितीच्या अध्यक्ष वुओक्कोबाई आल्या. केस विस्कटलेले, चेहरा लाल.

"मॅडम, तुम्ही? आणि मीटिंग?"

"माझ्याशिवाय सुरू होते होय? खिडकीकडे बसले होते मी. शेजारच्या आजी अजून झोपल्यात. ओलांडून आले त्यांना. जन्मात असलं काही केलं नव्हतं."

"मी थांबलो होतो," तौनो आरशाकडे बघत पुटपुटला.

"पाहिलं आम्ही," बाई म्हणाल्या. मग सिर्क्कूकडे वळल्या. "सीट पास. स्वतः बसले, आणखी काय बघायचं? मी सांगते समितीला. बदल एकच. जोडीच्या नकोत. सगळ्या एकेकट्या करा."

"अहो, मग निम्मे लोक उभे राहतील."

"राहू देत. उतरायला सोपं."

तौनोनं मान डोलावली. लोकांना उभं राहायला लागू नये म्हणून सिर्क्कूनं इतकी वर्षं डोकं शिणवलं होतं. ती वाद घालायला तोंड उघडणार, तेवढ्यात बस परत निघाली.

झोपलेल्या आजींची सोडून सगळ्या सीटा रिकाम्या होत्या. सिर्क्कू दांडी धरून दाराजवळ उभी राहिली.