मावशी, आत्या आणि निळी वायर

बाबांनी बसवलेली पेटी सुरू करायला मला दहा मिनिटं पुरतील, असं मी डोळ्यांच्या दवाखान्यात ठणकावून सांगितलं. असल्या पेट्या बसवणं हा बाबांचा धंदा; मी भाषा शिकवते. पण तीस वर्षं त्यांच्याच घरात वाढले होते ना! गवंड्याच्या घरात वाढून भिंत बांधता येत नाही, हे नंतर कळलं.

पेटी म्हणजे इंटरनेटच्या दारावरचा राखणदार. सकाळी वीज जाऊन आली, तेव्हापासून ती मुकी झाली होती. पेशंटच्या फायली उघडेनात. डॉक्टरीणबाईंनी बारापर्यंत मुदत दिली. नाहीतर नवी पेटी येणार आणि बाबांची भंगारात जाणार. बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. त्यांच्या हातचं चालू असं एवढंच उरलं होतं.

मागे वायरींचा गुंता, प्रत्येकीवर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी. वायरींना ते नातेवाइकांची नावं देत, स्वभाव बघून. बाहेरून येणारी ‘आत्या’: तिला विचारल्याशिवाय घरात कोणी शिरत नसे. फोनची ‘मावशी’: कारण सांगायलाच नको.

पेटीशी थेट बोलायला वेगळी सिरियल वायर लागते, एवढं मला ठाऊक होतं. बोलायचं म्हटल्यावर मी बेधडक मावशी उपसली आणि पेटीच्या खाचेत खोचली.

“ताई,” स्वागतकक्षातल्या बाई दारातून म्हणाल्या, “आता फोनपण गेला.”

मावशी काढून गळ्यात अडकवली आणि कपाट उपसलं. तळाशी निळी, चपटी वायर होती. चिठ्ठीवर ‘चिमणी’.

म्हणजे मी. दोन महिन्यांत त्या नावानं कोणी हाक मारली नव्हती. मी जरा वेळ स्टुलावर बसले.

मग एक टोक पेटीत, दुसरं लॅपटॉपमध्ये. पडद्यावर नुसती अक्षरांची खिचडी, मुंग्या शाईत पडून पळाल्यासारखी! साडेअकरा झाले होते. हताश होऊन चिठ्ठी उलटली. मागे लिहिलं होतं: ‘फार घाईत बोलते. वेग ९६०० ठेवावा.’

मी मुकाट्यानं लॅपटॉपवरचा वेग कमी केला. अक्षरं रांगेत आली. पेटी सकाळपासून एकच विचारत होती: पुढे चालू करू का?

मी ‘हो’चं बटण दाबलं. एकेक करून सगळे दिवे हिरवे झाले. माझा जीव भांड्यात पडला.

“अगदी बाबांवर गेलीस,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी नम्रपणे मान झुकवली.

मागून खाकरण्याचा आवाज आला. “ताई, आमचा फोन?”

मावशी अजून माझ्या गळ्यातच होती.