सोडलेल्या श्वासाची छाती

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बांबू आणि तणस आणणे, पोळ्याच्या दिवशी त्यावर बनियन चढवणे आणि दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत तो बडग्या भर चौकात जाळणे, या तिन्ही कृत्यांना आमच्या गल्लीतील तरुण मंडळ आणि त्याचे अध्यक्ष, आखाड्याचे उस्ताद बाबाराव, हे संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या जबाबदार आहेत. मारबत ही गावाची इडापीडा घेऊन जाणारी बाहुली, आणि बडग्या म्हणजे त्या इडापीडेचा पुतळा. तो महागाईचा करावा, साथीच्या रोगाचा करावा. मंडळाने तो माझे शेजारी वामनराव ढोक यांच्या छातीचा केला.

वामनराव मालधक्क्यावर कारकून, पन्नाशीला टेकलेले. अंगात बनियन असतानाही बरगड्या दिसत. एके दिवशी ते आखाड्यात गेले, तेव्हा उस्तादांनी सर्वांसमक्ष विचारले, "काहून गा वामन, छाती आहे का उसवलेली बाज?" वामनराव परतले आणि त्यांनी डालडाच्या दोन डब्यांत सिमेंट भरून मध्ये नळ घातला. दोन बाकडी जोडून ते पाठीवर पडत, तो भार छातीवरून वर ढकलत आणि शेवटी जमिनीवर सोडत. आमची भिंत सामाईक. माझ्या फळीवरचे कायद्याचे ग्रंथ रोज पहाटे दचकत.

दर रविवारी ते शिंप्याचा टेप घेऊन येत. "तुम्ही कोर्टातले माणूस. साक्ष द्या जी."

मी टेप लावी. ते सारा श्वास सोडून देत.

"अहो, छाती फुगवून मोजतात!"

"फुगवून नोका मोजू जी. फुगवलेली काय कामाची? सोडलेली मोजा."

फुगवलेली छाती हा बनावट पुरावा आहे, हे मला तत्त्वतः मान्य होते. तरीही स्वतःचेच नुकसान करणारा असा अर्जदार मी दिवाणी न्यायालयातील उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. उस्तादांच्या कानी हे गेले आणि आखाडा महिनाभर हसला.

अखेर आदळआपटीबद्दल रीतसर नोटीस घेऊन मी एका दुपारी त्यांच्या दारात गेलो. दार उघडे होते. वामनराव भिंतीशी ताठ बसले होते. त्यांच्या पत्नी सुशीलाबाई दमेकरी. आडवे पडले की त्यांना धाप लागते. त्या नवऱ्याच्या छातीला टेकून बसल्या बसल्या गाढ झोपल्या होत्या. वामनरावांनी ओठांवर बोट ठेवले आणि कुजबुजले, "पह्यले हाडं टोचत होती जी तिले. आता लागते झोप."

मी नोटीस खिशात घातली आणि चपला हातात घेऊन परतलो.

त्यानंतर मारबत आली. तणसाने टरटरून फुगवलेला बडग्या गाडीवर उभा, गळ्यात पाटी: 'ढोकाची छाती'. पोरे ओरडत होती, "ढोकाची छाती घेऊन जा गे मारबत!" वामनराव माझ्याशेजारी उभे होते. ते हसलेसुद्धा. "भरली झकास जी," म्हणाले. पण सुशीलाबाई पदर तोंडावर ओढून आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून डबे वाजले नाहीत. कारण विचारले, तर वामनराव खाली पाहून म्हणाले, "ते म्हनते, साऱ्या मोहल्ल्यानं पाह्यलेल्या छातीले आता मी कशी टेकू? भिंतीलेच टेकून बसते."

ती भिंत सामाईक आहे. पूर्वी तिच्यातून धप्प ऐकू येई. आता धाप ऐकू येते. पलीकडच्या खोलीत एक कमावलेली छाती रिकामी बसून असते.

हा मजकूर मी दोघांना वाचून दाखवला आहे. सुशीलाबाई म्हणाल्या, "लिवा भाऊजी. आखाडेवाले हासले तवा त्यायले मालूम नोयतं, हे छाती कोनाच्या टेकन्यासाठी हाय."

आता मालूम आहे. म्हणून माझी जाहीर मागणी आहे की, उस्ताद बाबाराव यांनी त्याच चौकात, त्याच मंडळासमक्ष, छाती न फुगवता उभे राहावे आणि एवढ्याच प्रश्नाचे उत्तर द्यावे: सुशीलाबाईंनी आता कुठे टेकावे?