कोंदेसा काही केल्या सुरू होईना

"सिएनफुएगोसमध्ये दोनच गोष्टी आटत नाहीत," बेलार्मिनो सांगायचे. "एक समुद्र आणि दुसरी माझी बुद्धी."

पस्तीस वर्षं त्यांनी क्युबातल्या त्या किनाऱ्यावरच्या गावात, टपाल कचेरीत पाकिटांवर शिक्के मारले होते. त्या पुण्याईवर निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी दारावर 'खाजगी तपासनीस' अशी पाटी ठोकली. पाकीट न फोडता आतला मजकूर ओळखता येतो, मग माणूस काय चीज आहे, असं त्यांचं म्हणणं. शिवाय दहा वर्षांत त्यांच्या गल्लीतून एकही मोटार चोरीला गेली नव्हती. "कुणाच्या बंदोबस्तामुळे?" ते विचारायचे. त्यांचा मेहुणा निवार्दो मान डोलवायचा. गल्लीत मोटारी चार. त्यांतल्या दोन कित्येक वर्षं जागच्या हलल्या नव्हत्या, आत कोंबड्या अंडी घालत होत्या. त्या चोरणार कोण, आणि कशा? पण निवार्दो होता न्हावी. गिऱ्हाइकाचं बोलणं खोडायचं नाही, ही सवय त्याच्या हाडात मुरलेली. शिवाय बायकोपेक्षा त्याला बहिणीचा धाक जास्त होता, म्हणून दर रविवारी तो दाजींची वही धरून मागे मागे हिंडायचा.

त्या रविवारी मात्र प्रकरण जिवाभावाचं होतं. म्हाताऱ्या एवारिस्तोंची नात युस्नेली पंधरा वर्षांची झाली होती, आणि इथं मुलीचा पंधरावा वाढदिवस लग्नासारखा मिरवतात. ती पाळण्यात असतानाच आजोबांनी शब्द दिला होता, की पंधराव्या वाढदिवसाला तुला कोंदेसात बसवून समुद्रावर नेईन. कोंदेसा म्हणजे त्यांची त्रेपन्न सालची उघडी, गुलाबी मोटार. पण सात महिन्यांपूर्वी एवारिस्तो पडले, कंबरेचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून बोलताना शब्दही हरवू लागले. कोंदेसा ताडपत्रीखाली तशीच पडून राहिली. आता फोटोवाला समुद्रावर थांबलेला, भाड्याचा झगा सातला परत करायचा, आणि कोंदेसा नुसती 'ख्यँ ख्यँ' करत होती.

"कुणी हात लावू नका!" बेलार्मिनो गरजले. "हा घातपात आहे."

त्यांनी टाकीत नळी घालून पेट्रोल ओढलं, चाखलं आणि डोळे मिटले. "पाणी मिसळलंय."

"आत्ताच तर नवं भरलं, दाजी. मीच आणलं."

"मग तू संशयित. वहीत लिही." एवढं बोलून दाजींना असा ढेकर आला, की शेजारच्या बाईनं हातातली पेटलेली सिगारेट लगोलग विझवली.

पुढचा संशय उंदरांवर आला, कारण मागच्या सीटखाली एक लेंडी सापडली. दाजींनी ती भिंगाखाली धरली आणि उंदीर डावखुरा असल्याचं जाहीर केलं. एवारिस्तोंच्या पत्नी फिलोमेनाआजींनी जवळ येऊन ती उचलली. "मेल्या, हा कॉफीचा दाणा आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी तो खिशात टाकला. कॉफी वाया घालवायचे दिवस नव्हते.

निवार्दो चालकाच्या जागेवर बसून किल्ली फिरवत होता. समोर काचेपाशी क्युबाची रक्षणकर्ती मानलेल्या करिदादच्या मातेची वीतभर मूर्ती बसवलेली होती आणि तिचं तोंड आतल्या बाजूला होतं. देवी रस्त्याकडे पाहणारी बरी, म्हणून त्यानं हात पुढे केला. तोच दाजींनी त्याच्या मनगटावर फटका मारला.

"पुराव्याला हात? मातेनंसुद्धा रस्त्याकडे पाठ फिरवलीय, म्हणजे तिनं गुन्हेगाराला पाहिलंय!"

तेवढ्यात शेजारच्या कोनराडोनं प्लग काढून पाहिला. "ठिणगीच पडत नाही. कुठंतरी करंट अडलाय."

"अडलाय कसा? अडवलाय!" दाजी त्याच्याकडे वळले. "कोनराडो, तुझीही नात पुढच्या महिन्यात पंधराची होतेय ना? कोंदेसा बंद राहिली तर तुझीच मोटार मिरवणार!"

कोनराडो लाल झाला. "अहो, आत जी बॅटरी आहे ना, ती माझी आहे! पहाटे माझ्या गाडीतून काढून दिलीय!"

"तेच म्हणतो मी. गुन्हेगार घटनास्थळी काहीतरी सोडून जातोच."

"मग नेतोच आता!" म्हणत कोनराडोनं पाना काढला.

इतका वेळ दारात झगा सावरून उभी असलेली युस्नेली आता रडायलाच लागली. डोळ्यांतलं काजळ गालावर उतरलं. निवार्दोला अगदी शरमल्यासारखं झालं. समोर खुर्चीवर एवारिस्तो काठी आपटत होते. "मला... मला ते... तिथं..."

"साक्षीदारानं पाळी येईपर्यंत बोलू नये," दाजी म्हणाले.

फिलोमेनाआजींचा पारा चढला. "तुझी साक्ष गेली खड्ड्यात! पन्नास वर्षांत ही गाडी दुसऱ्या कुणी सुरू केलीय का? आणि तुम्ही सगळे गाडीत नि तो खुर्चीत! उठ रे निवार्दो, त्याला बसव तिथं. कोनराडो, पाना खाली ठेव."

दाजींना न विचारता निवार्दो उठला. दोघांनी म्हाताऱ्याला उचलून चालकाच्या जागेवर बसवलं. एवारिस्तोंनी स्टिअरिंगवरून हात फिरवला. मग कशाचाही विचार न करता त्यांनी बोटांना ओठ लावले, ती बोटं मातेच्या पायांना टेकवली आणि मूर्ती हळूच रस्त्याकडे फिरवली. खालून 'टक्' असा आवाज आला.

त्यांनी किल्ली फिरवली आणि कोंदेसा घरघरत सुरू झाली.

सगळी गल्ली ओरडली. युस्नेली झगा गोळा करून मागे चढली. कोनराडो हातब्रेक धरून आजोबांच्या शेजारी बसला, कारण ते आता उतरतील अशी आशा कुणालाच नव्हती. "शब्द दिला होता," एवारिस्तो मागे वळून नातीला म्हणाले. दिवसभरातलं त्यांचं हे पहिलं पुरं वाक्य होतं. 

कोंदेसा समुद्राकडे निघून गेली आणि धूर विरला, तेव्हा रस्त्यात दाजी आणि निवार्दो दोघंच उरले होते. "मूर्तीखालची ती कळ," दाजी म्हणाले, "मीच बसवली होती. दहा वर्षांपूर्वी, चोऱ्या होत होत्या तेव्हा. मूर्ती वळवल्याशिवाय करंट जायचाच नाही. कुणाला सांगायचं नाही, अशी एवारिस्तोला शपथ घातली होती." मग त्यांची छाती फुगली. "बघ! गावातला सर्वांत हुशार माणूस तीन तास शोधत होता, त्याला सापडली नाही. चोराला काय सापडणार?"

निवार्दोनं वही मिटली. "दाजी, अशी कळ आणखी कुणाकुणाच्या गाडीला बसवली होतीत?"

बेलार्मिनोंनी गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. तिथं त्या दोन मोटारी उभ्या होत्या, आणि एकीच्या खिडकीतून कोंबडी बाहेर डोकावत होती.

"दोघांच्या," ते हळूच म्हणाले. "त्यांना सांगायचं राहूनच गेलं. पण हे वहीत लिहू नकोस."