नवी वर, जुनी खाली

शुक्रवारी दुपारी कुस्कुसला दुसरी वाफ देता देता लल्ला तामोने नवऱ्याचं फोनवरचं बोलणं ऐकलं आणि तिचा हात जागच्या जागी थांबला.

"मौकिअ नकोच," अंगणात बुश्ता म्हणत होता. "तीस वर्षं एकाच जागेला चिकटून बसलोय, त्यात काय नवं? मला मुदव्वना पाहिजे."

आता साफी गावात मौकिअ म्हणजे जागा, आणि संगणकवाल्यांच्या बोलीत वेबसाइट. त्यांच्याच बोलीत मुदव्वना म्हणजे ब्लॉग. पण मोरोक्कोतल्या कुठल्याही बाईला विचारा, ती सांगेल की मुदव्वना म्हणजे लग्नाचा, तलाकाचा आणि सवतीचा कायदा. फोनवर पलीकडे बुश्ताची भाची गिझलान होती, रबात शहरात संगणक शिकवणारी. हे तामोला कुठून ठाऊक असणार?

"म्हणजे नवी वर, जुनी खाली?" बुश्ता विचारत होता. "अन् जुनीला काढून नाही ना टाकायचं? राहू दे बिचारी. काय? रोज एक? छे गं, या वयात कुठलं जमायला. आठवड्याला एक पुरे."

तामोने वर पाहिलं. घराला मजले दोनच होते आणि वरच्या खोलीत सध्या तिचे कांदे वाळत होते.

"कसली मुदव्वना?" परात ठेवताना तिने विचारलं.

बुश्ता दचकला. जन्मभर चाकावर बसलेला हा कुंभार बासष्टाव्या वर्षी लिहायला बसणार म्हटल्यावर साफीच्या टेकडीवरचे झाडून सगळे कुंभार हसले असते. "पुरुषांचं काम आहे. झालं की कळेल," म्हणून त्याने भोपळ्याची फोड तोंडात टाकली.

शनिवारी तो दाढी कोरून, फोटो काढून आला. सोमवारी त्याने विचारलं, "आपल्या लग्नाचा कागद कुठाय?" दुकान आणि लग्न एकाच वर्षातलं, ते वर्ष ब्लॉगवर लिहायचं होतं आणि ते नेमकं त्याला आठवत नव्हतं. पण बायकोपुढे तसं कबूल करण्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं, एवढं शहाणपण त्याला तीस वर्षांत आलं होतं.

तामो चुलीपुढे बसून एकदाच पोटभर रडली. मग डोळे पुसून तिने भावाला बोलावलं. मैलूदीने वीस वर्षं न्यायालयात फायली वाहिल्या होत्या आणि त्यातला कायदा आपल्या अंगात मुरलाय असं त्याचं ठाम मत होतं.

"दुसरी करायची तर न्यायाधीशाची परवानगी लागते," तो म्हणाला. "पहिलीला बोलावून विचारतात. काय सांगशील?"

"सगळंच," तामो म्हणाली.

पुढच्या शुक्रवारी नेमाचा कुस्कुस झाला नाही. परातीत नुसते मसूर होते, आणि परातीपाशी मैलूदी तयारीने येऊन बसला होता. शुक्रवारी मसूर पाहिल्यावर बुश्ताचा चेहरा उतरला. तेवढ्यात गिझलान लॅपटॉप घेऊन दारात आली.

"मामा, तुमची मुदव्वना आणली."

"आलीच का मुदव्वना घरी?" मैलूदी उठून उभा राहिला. "तामो, बोल तू. घाबरू नकोस."

तामो घाबरलेली नव्हतीच. "ऐका मग," ती म्हणाली. "लग्नाच्या वर्षी पावसाचं पाणी भट्टीत शिरत होतं, तेव्हा माझ्या रुखवतातल्या गोधड्या कुणी टाकल्या वर? हा चाळीस दिवस तापाने पडला, तेव्हा तीनशे ताटं कुणी रंगवली? लोक अजून म्हणतात, बुश्ताचा हात बघा. हात माझा होता! गाढवाच्या आयाळीचे कुंचले मी बांधते. निळ्यात चाळलेली राख मी घालते, म्हणून तो निळा असा..."

"मामी, जरा हळू," गिझलान म्हणाली. तिची बोटं भराभर चालत होती. "राख किती?"

"ओंजळभर. ऑलिव्हच्या लाकडाची. तू काय लिहितेस गं?"

"मुदव्वना. मामांना दोन ओळींपुढे सुचत नाही म्हणाले. तुम्ही तर पहिल्या दमात पानभर सांगितलंत."

मग उलगडा व्हायला दोन किटल्या पुदिन्याचा चहा लागला. मैलूदीला सगळ्यांच्या शेवटी समजलं. बुश्ता मात्र केव्हाचा बायकोकडे पाहत होता.

"तीनशे ताटं," तो हळूच म्हणाला. "मला तू शंभरच सांगितली होतीस."

"आजारी माणसाला किती सांगायचं?"

तिचं बोलणं त्याने जसंच्या तसं छापायला लावलं, 'हात माझा होता'सकट. सगळ्यात आधी त्याचा दाढी कोरलेला फोटो चढला होता, नवी नोंद वर या रीतीने त्यावर तिचा मजकूर आला. पुढच्या आठवड्यात भट्टी कशी रुसते ते आलं, मग मातीचा वास ओळखायचा कसा ते. पार अगादीरहून लोक वाचून विचारायला लागले, लल्ला तामोचं दुकान कुठलं? टेकडीवरचे कुंभार हसले नाहीत. रात्रीतून त्यांच्या राखेत मात्र ऑलिव्ह आलं. बुश्ता हे सगळ्यांना छाती काढून सांगे, पण एका शुक्रवारी त्याने गिझलानला फोन केलाच.

"माझा फोटो दर आठवड्याला खाली खाली चाललाय गं. वर नाही का आणता येत?"

"मुदव्वनेत नाही, मामा. त्याला मौकिअ लागते. तिथे माणूस जिथे आहे तिथेच राहतो."

तामोने कुस्कुसची परात त्याच्यापुढे ठेवली आणि फोनकडे वाकून म्हणाली, "करून दे गं त्याला. एका जागी बसायची सवय आहे."